अमेरिकेचं संविधान, एक यंत्र आणि खानदेशचा कापूस: २५० वर्षांपूर्वीची ‘तात्पुरती’ तडजोड बोदवडला का कळायला हवी?

दिवाळी झाली की बोदवड परिसरातल्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या उभ्या राहू लागतात. गाडी आत घेण्याआधी शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो, “आज काय भाव निघाला?” व्यापारी मोबाइलमध्ये बघून आकडा सांगतो. त्या आकड्यामागे रुईचा, सरकीचा आणि गाठींचा बाजार असतो. त्याही मागे न्यूयॉर्कचा वायदे बाजार असतो. तिथे रुईचा भाव आजही पाउंडाला किती सेंट या हिशेबानं बोलला जातो.

बोदवडचा कापूस आणि अमेरिका यांचं हे नातं मोबाइल आल्यावर जुळलेलं नाही. ते दीडशे वर्षांहून जुनं आहे. त्याची मुळं अमेरिकेच्या स्थापनेच्या काळात झालेल्या काही कायद्यांमध्ये, एका यंत्रामध्ये आणि एका तडजोडीमध्ये सापडतात.

४ जुलै २०२६ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा २५० वा वर्धापनदिन. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं वॉशिंग्टन, जेफरसन, पेन ही नावं सनावळीसह पाठ करतात. पण हाच इतिहास जिनिंगच्या दारात उभं राहून वाचला, तर त्याचा अर्थ बदलतो. कायदा करताना कोणाला तरी ‘पुढे बघू’ म्हणून बाहेर ठेवलं की पुढे काय होतं, हे त्यातून कळतं.

१७७६: ‘सगळे समान’ म्हणजे नेमके कोण?

तेव्हा अमेरिकेत इंग्लंडच्या १३ वसाहती होत्या. आपला एकही प्रतिनिधी नसलेली संसद आपल्यावर कर कसे लावते, हा त्यांचा वाद होता. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेननं ‘कॉमन सेन्स’ ही छोटी पुस्तिका काढली. राजाच नको, हे त्यानं सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत मांडलं. सहा महिन्यांनी, ४ जुलैला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचा मसुदा प्रामुख्यानं थॉमस जेफरसनचा.

सर्व माणसं जन्मतः समान आहेत, त्यांचे काही हक्क कोणतंही सरकार काढून घेऊ शकत नाही आणि सरकारला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीनं, ही त्या जाहीरनाम्याची मध्यवर्ती कल्पना. जन्मावरून राजा आणि रयत ठरणाऱ्या जगात ती धाडसाची होती.

पण जेफरसननं आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा एक परिच्छेद होता. त्यात दोष इंग्लंडच्या राजाला दिला होता. तो परिच्छेदही प्रतिनिधींनी मंजुरीपूर्वी गाळला. समानतेचं वाक्य राहिलं आणि ते कोणाला लागू नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

१७८७: संविधानात ‘गुलाम’ हा शब्दच नाही

स्वातंत्र्याची लढाई जिंकल्यावर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहायला ५५ प्रतिनिधी जमले. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. सत्तेची विभागणी, दोन सभागृहं, न्यायालयाचं स्वातंत्र्य या गोष्टी पुढे अनेक देशांनी घेतल्या. १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्यांनी नागरिकांच्या हक्कांची सनद जोडली.

त्याच कागदात तीन तडजोडी होत्या. पहिली, राज्याची लोकसंख्या मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची. म्हणजे पाच गुलाम असले तर मोजायचे तीन. मतदानाचा हक्क त्यांना नाही, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना संसदेत जास्त जागा मिळणार. दुसरी, गुलामांच्या आयातीवर संसद १८०८ पर्यंत बंदी घालू शकणार नाही. तिसरी, एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो मालकाला परत द्यायचा.

हे सगळं लिहिताना ‘गुलाम’ हा शब्द कुठेही वापरला नाही. ‘इतर व्यक्ती’ असे आडवळणाचे शब्द योजले.

दुसरं काही शक्य नव्हतं असंही नाही. त्याच वर्षी १३ जुलैला झालेल्या एका कायद्यानं ओहायो नदीच्या वायव्येकडच्या नव्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली होती. उत्तरेकडची काही राज्यं टप्प्याटप्प्यानं ती बंद करत होती. तंबाखूच्या शेतीतला नफा घटत होता. त्यामुळे ही प्रथा आपोआप संपेल, आत्ता देश एकत्र ठेवणं महत्त्वाचं, असं अनेकांना वाटत होतं.

ती प्रथा आपोआप संपली नाही. सहा वर्षांनी एक यंत्र आलं.

१७९३: रेच्यानं हिशेब कसा बदलला?

बोंडातून वेचून येतो तो कापूस, म्हणजे रुई आणि सरकी एकत्र. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई सरकीपासून सुटली नाही तर सूत निघत नाही. जिनिंग म्हणतात ते हेच काम.

हिंदुस्थानात हे काम दोन रुळांच्या रेच्यावर शतकानुशतकं होत होतं. दोन लाट्यांमधून रुई पलीकडे ओढली जाते, सरकी अलीकडे पडते. पण अमेरिकेच्या अंतर्भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची रुई हिरवट सरकीला घट्ट चिकटलेली असे. रुळांनी ती नीट सुटत नव्हती. हातानं एका माणसाची दिवसाची मजल जेमतेम एक पाउंड रुई, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत.

एली व्हिटनी हा नुकताच येल विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण जॉर्जिया राज्यात कॅथरीन ग्रीन यांच्या मळ्यावर राहत होता. १७९३ मध्ये त्यानं तिथे एक यंत्र तयार केलं. लाकडी रुळावर तारांचे आकडे. समोर अरुंद फटींची जाळी. आकडे रुई ओढून नेतात, सरकी फटीतून जात नाही म्हणून अलीकडे गळून पडते. मागे उलट्या दिशेनं फिरणारा ब्रश आकड्यांवरची रुई झाडतो. हातानं फिरवायच्या या यंत्रावर दिवसाला ५० पाउंड रुई निघू लागली. १४ मार्च १७९४ रोजी व्हिटनीला पेटंट मिळालं.

त्याला स्वतःला मात्र फार पैसा मिळाला नाही. शेतकऱ्यांना यंत्र विकण्याऐवजी कापसातली सरकी काढून देण्याच्या बदल्यात मालाचा दोन-पंचमांश हिस्सा घ्यायचा, असं त्यानं आणि त्याच्या भागीदारानं ठरवलं. मळेवाल्यांना तो हिस्सा जड वाटला. यंत्र सोपं होतं, गावोगावच्या सुतार-लोहारांनी नकला केल्या. पेटंट कायदा कच्चा होता आणि खटले वर्षानुवर्षं चालले.

यंत्राचा मोठा परिणाम शेतात झाला. रुई काढण्याचं काम झटपट होऊ लागलं, पण लागवड, निंदणी आणि वेचणी हातानंच करायची होती. अडथळा एका जागी सुटला आणि सगळा ताण मजुरांवर आला. कापसात नफा दिसू लागताच गुलामांची मागणी वाढली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ही संख्या ४० लाखांच्या जवळ पोचली. तेव्हा देशात वर्षाला ४० लाखांहून अधिक गाठी कापूस निघत होता.

कायदे झाले, मग थांबलं का नाही?

१८०८ उजाडताच परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली. जेफरसननंच राष्ट्राध्यक्ष म्हणून त्या कायद्यावर सही केली होती. पण देशातल्या देशात खरेदी-विक्री चालूच राहिली. जुन्या राज्यांमधून सुमारे १० लाख माणसं दक्षिणेच्या कापूस पट्ट्यात नेली किंवा विकली गेली. त्यात आईपासून मुलं आणि नवऱ्यापासून बायका तुटल्या.

पळालेल्या गुलामांना परत देण्याच्या कलमाला बळ देणारा कायदा तर १७९३ मध्येच झाला होता, ज्या वर्षी यंत्र आलं त्याच वर्षी. त्यावर सही वॉशिंग्टन यांची.

एक उदाहरण पुरेसं आहे. मिसिसिपीत नेड नावाच्या गुलाम कारागिरानं कापसाच्या शेतीसाठी एक अवजार तयार केलं. मालकानं त्याचं पेटंट स्वतःच्या नावावर मागितलं. १८५८ मध्ये अमेरिकेच्या महान्यायवाद्यांनी मत दिलं की असं पेटंट कोणालाच मिळणार नाही. मालकाला नाही, कारण शोध त्याचा नाही. नेडला नाही, कारण कायद्याच्या लेखी तो नागरिक नाही. शोध होता, शोधणारा होता, फक्त कागदावर त्याला जागा नव्हती.

१८६१ ते १८६५: अमेरिकेत लढाई, खानदेशात तेजी

‘पुढे बघू’ म्हणून ठेवलेला प्रश्न शेवटी बंदुकीनं सोडवावा लागला. एप्रिल १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश तिथूनच येत होता. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली.

एरवी इथल्या कापसाला तिथे ‘सुरती’ म्हणून नाक मुरडलं जाई. धागा आखूड, त्यात कचरा आणि भेसळ. आता तोच हवा झाला. भाव काही पटींनी चढले. खानदेशात कापसाखालची जमीन वाढली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. घाईत भेसळही वाढली, तेव्हा मुंबई सरकारनं १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध वेगळा कायदा केला. रेल्वेचं काम याच काळात खानदेशातून पुढे सरकत होतं. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला मार्ग नागपूरला पोचला. बोदवडचं स्टेशन याच मार्गावर आहे.

मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. प्रेमचंद रायचंद यांचं नाव घराघरांत गेलं. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला मुंबईच्या बाजारात हाहाकार उडाला. बँका बुडाल्या, प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. भाव पडल्याचा जबर फटका जळगावलाही बसला.

लढाई सुरू झाली की भाव का चढतात आणि संपली की का पडतात, हे मुंबईच्या व्यापाऱ्याला तारेनं आणि जहाजाच्या डाकेनं कळत होतं. शेतकऱ्याला ते कळलं तेव्हा सावकाराच्या वहीत आकडा चढलेला होता. दख्खनमध्ये तेजीच्या काळात सहज मिळालेलं कर्ज मंदीत गळफास बनलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यातून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यामागच्या कारणांमध्ये कापसाची ही तेजी-मंदीही मोजली जाते.

फुल्यांनी अमेरिकेकडून काय घेतलं?

कापसाबरोबर अमेरिकेतून एक कल्पनाही आली, आणि ती पुण्यात एका तरुणानं उचलली. जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये आलेलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा गौरव केला आणि इथल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली.

बारकाईनं पाहिलं तर फुल्यांनी ही अर्पणपत्रिका १७७६ च्या संस्थापकांना लिहिलेली नाही. तडजोड मोडणाऱ्यांना लिहिली आहे. जाहीरनाम्यातल्या समानतेचा सरळ अर्थ त्यांनी धरला: ती सगळ्यांना लागू असेल तरच ती समानता. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी हाच प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूनं विचारला.

खुद्द अमेरिकेतही १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. मुक्त झालेली माणसं त्याच शेतांवर बटाईनं कापूस पिकवू लागली. बियाणं, अवजारं आणि किराणा उधारीवर. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच करणार. बेडी गेली, वही राहिली.

आज बोदवडशी याचा संबंध काय?

एक संबंध भावाचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. कापड उद्योगाला स्वस्त रुई मिळावी, हा हेतू. पण तोच काळ खानदेशात नवा कापूस बाजारात येण्याचा. १८६५ मध्ये बातमी उशिरा पोचत होती. आता ती त्याच दिवशी मोबाइलवर दिसते, पण निर्णयाच्या टेबलावर कापूस पिकवणाऱ्याला अजून खुर्ची नाही.

दुसरा संबंध यंत्राचा आहे. खानदेशातल्या बहुतेक जिनिंगमध्ये आज डबल रोलर यंत्रं चालतात. त्यांचं मूळ व्हिटनीच्या यंत्रात नाही, तर १८४० मध्ये फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसानं पेटंट घेतलेल्या रोलर जिनमध्ये आहे. जिनिंगपासून गाठीपर्यंत सगळं यंत्रावर आलं, वेचणी मात्र इथे अजून हातावरच आहे. ती प्रामुख्यानं महिला करतात, किलोच्या दरानं.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा संबंध कागदाचा. बोदवडची मजूर किंवा बटाईदार म्हणजे १८५० चा अमेरिकन गुलाम नव्हे. अशी तुलना करणं दोघांवरही अन्याय ठरेल. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे आणि आखाजीला साल धरणारा सालदार वर्ष संपल्यावर दुसरीकडे जाऊ शकतो. मतदानाचा हक्क सगळ्यांना सारखा आहे. हा फरक लहान नाही.

पण कायद्याच्या कागदावर कोण दिसतं आणि कोण नाही, हा प्रश्न तोच आहे. हमीभावानं भारतीय कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर नोंदणी लागते, सातबारा लागतो, पिकाची नोंद लागते. नुकसानभरपाई आणि पीककर्ज याच उताऱ्यावर मिळतं. बटाईनं शेत करणाऱ्याचं नाव मात्र त्यावर नसतं. बियाणं आणि मेहनत त्याची, बोंडअळी आली तर तोटा त्याचा, पण कागदावर तो शेतकरी नाही. वेचणी करणाऱ्या बाईची तर कुठेच नोंद नाही.

यामागेही एक जुनी गोष्ट आहे. १९४८ च्या कूळ कायद्यानं कसेल त्याला जमीन मिळावी, हा न्याय्य हेतू ठेवला. लाखो कुळं मालक झाली. पण त्यानंतर लेखी करार केला तर जमीन जाईल, या भीतीनं मालक बटाई तोंडीच ठेवतात. नीती आयोगाच्या समितीनं २०१६ मध्ये यावर एक आदर्श कायद्याचा मसुदा दिला होता: मालकी मालकाकडेच सुरक्षित राहील, पण कसणाऱ्याची नोंद होईल आणि कर्ज, विमा, भरपाई त्याला मिळेल. गावात मात्र बटाईचा व्यवहार आजही बहुतांशी तोंडीच चालतो. मालक नाराज नकोत, कसणारेही गप्प आहेत, मग पुढे बघू.

मग धडा कोणता?

अमेरिकेच्या संस्थापकांना मूर्ख किंवा ढोंगी ठरवून विषय संपत नाही. त्यांच्यातल्या अनेकांना गुलामगिरी चूक वाटत होती. त्यांची चूक अशी की त्यांनी न्यायाचं काम काळावर सोपवलं. काळ रिकाम्या हातानं आला नाही, तो यंत्र आणि नफा घेऊन आला. १७८७ मध्ये जी तडजोड मोडायला काही राज्यांची नाराजी पत्करावी लागली असती, ती मोडायला १८६१ ते १८६५ मध्ये लाखो माणसं मेली.

आपल्या संविधानकर्त्यांना हे माहीत होतं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावलं होतं की राजकारणात समानता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोधाभास फार काळ ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. अमेरिकेनं जे आडवळणानं लिहिलं, ते आपल्या संविधानात उघडपणे नाव घेऊन लिहिलं गेलं: कलम १७ मध्ये अस्पृश्यता बंद, कलम २३ मध्ये वेठबिगारी बंद.

तोच सरळपणा शेतीच्या कागदात आणणं अवघड नाही. तलाठ्याच्या दप्तरात मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना असू शकतो. वेचणी करणाऱ्या महिलांची ग्रामपंचायतीत हंगामी नोंद होऊ शकते. कापूस वेचायचं यंत्र उद्या खानदेशात आलं, तर आधी कोणाचं काम जाईल हे सगळ्यांना माहीत आहे. त्या बाईचं नाव तेव्हा कुठल्याच कागदावर नसेल, तर तिच्यासाठी योजना आखणार कशी?

येत्या हंगामात बोदवडला गाडी काट्यावर चढेल, वजन होईल आणि पावती फाटेल. त्या पावतीवर नाव कोणाचं आहे आणि कापूस कोणाच्या हातांनी वेचला, हे दोन प्रश्न त्याच काट्यापाशी विचारायला सुरुवात करता येईल.